शस्त्रक्रियागृहातील राग : किंमत कोण मोजतो?

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी एखादा वैद्यकीय लेख द्यावा, असा संपादक मित्रांचा आग्रह होता. चाळीस वर्षे शस्त्रक्रिया केल्यानंतर पित्ताशयातील खडे किंवा हर्निया या विषयावर चार पाने लिहिणे फारसे कठीण नव्हते. परंतु त्या विषयांवर आपल्यातील तरुण सहकारी माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने लिहू शकतील. शिवाय या अंकाचे वाचक केवळ डॉक्टर नाहीत. त्यांच्या घरची मंडळी, समाजातील शिक्षक, बँकेतील अधिकारी, व्यापारी हेही तो आवडीने वाचतात. म्हणून सर्वांच्याच कामाच्या ठिकाणी उद्भवणाऱ्या एका विषयावर लिहावयाचे ठरविले. सहकाऱ्यांशी असलेले आपले संबंध आणि त्यांतील राग, अबोला व मतभेद, हा तो विषय. त्याची सुरुवात मला स्वतःच्या एका चुकीपासून करावी लागणार आहे.

एका दुपारची गोष्ट

सुमारे तीस वर्षांपूर्वीची ही घटना. आपल्या जुळ्या शहरांतील एका रुग्णालयात त्या दिवशी माझ्या तीन शस्त्रक्रिया होत्या. सकाळी वीज गेल्यामुळे पहिलीच शस्त्रक्रिया तासभर उशिरा सुरू झाली. बाहेर दवाखान्यात रुग्ण ताटकळत होते आणि सकाळपासून पोटात चहाव्यतिरिक्त काही नव्हते. माझ्या हाताशी एक नवी परिचारिका उभी होती. ती खानापूरकडची, मराठी बोलणारी मुलगी. नोकरीला लागून तिला जेमतेम दोन महिने झाले असतील. आतडे हलकेच धरण्यासाठी मी बॅबकॉक मागितला. तिने घाईत ॲलिस हातात ठेवला. ॲलिसच्या टोकाला दात असतात आणि त्याने आतड्याला इजा होऊ शकते, हे खरे. परंतु चिमटा हातात आल्याक्षणीच चूक माझ्या ध्यानात आली होती आणि रुग्णाला काहीही झाले नव्हते. तरीही मी तो चिमटा ट्रेमध्ये आपटला आणि सर्वांसमक्ष तिला नको ते बोललो. तिने "सॉरी सर" एवढेच म्हटले. त्यानंतर ती शब्दही बोलली नाही, आणि ती शांतता मला शिस्तीसारखी वाटली.

तिसरी शस्त्रक्रिया नवलगुंदकडच्या एका शेतकरी बाईंची होती. आतड्याला पीळ पडला होता. रक्त टिपण्यासाठी आणि आतडी बाजूला ठेवण्यासाठी ज्या जाड कापडी घड्या वापरतात, त्यांना आम्ही 'मॉप' म्हणतो. पोट उघडण्यापूर्वी मॉप मोजतात आणि शिवण्यापूर्वी पुन्हा मोजतात. पीळ सोडवून झाला, आतड्याचा रंग परत आला आणि मी शिवायला घेतले. ती मुलगी ट्रॉलीवरचे मॉप मोजत होती, वाकून बादलीत पाहत होती, पुन्हा मोजत होती. मला ते दिसत होते. नवखी आहे, वेळ लावते आहे, असे मी मनाशी म्हटले. तेवढ्यात तेथील ज्येष्ठ परिचारिका आत आल्या. आम्ही सर्वजण त्यांना अक्का म्हणत असू. त्यांनी एकदा त्या मुलीकडे पाहिले, एकदा ट्रॉलीकडे पाहिले आणि मोठ्याने म्हणाल्या, "तडीरी सर, ओंद मॉप कम्मी ऐती." थांबा सर, एक मॉप कमी आहे.

"नीट मोजा," मी चिडूनच म्हणालो. त्यांनी नीटच मोजले होते. घातलेले टाके काढले आणि यकृताच्या खाली सरकलेला मॉप हाताला लागला. त्या बाई आठव्या दिवशी आपल्या पायांनी चालत घरी गेल्या. त्यांचे पुढे काय झाले असते, हे येथील डॉक्टर वाचकांना सांगायला नको. इतरांसाठी एवढेच सांगतो की, पोटात राहिलेल्या मॉपमुळे पू होतो, आतड्याला भोक पडू शकते आणि माणूस दगावूही शकतो.

संध्याकाळी मी त्या मुलीला बोलावले आणि मॉप कमी असल्याचे केव्हा लक्षात आले, असे विचारले. ती खाली पाहत म्हणाली, "दोनदा मोजलं तेव्हाच कळलं होतं, सर. मग तिसऱ्यांदा मोजायला घेतलं. तुम्हाला सांगण्यापेक्षा परत मोजणं सोपं वाटलं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी एका चिमट्यासाठी मी जे बोललो, त्याची किंमत दुपारी एक तिसरीच व्यक्ती मोजणार होती. तीही भूल दिलेल्या, काहीच ठाऊक नसलेल्या अवस्थेत.

भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे काय?

आजकाल व्यवस्थापनाच्या प्रत्येक शिबिरात 'भावनिक बुद्धिमत्ता' हा शब्द ऐकू येतो. तो रूढ करण्याचे श्रेय प्रामुख्याने पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांकडे जाते. त्यांनी 1990 मध्ये या विषयावरील आपला निबंध प्रसिद्ध केला. पुढे 1995 मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ही कल्पना जगभर पोहोचविली. सॅलोव्ही आणि मेयर यांनी नंतर या बुद्धिमत्तेची चार अंगे मांडली. भावना ओळखणे, विचाराला साहाय्य म्हणून भावनेचा उपयोग करणे, भावनेची कारणे व तिचा पुढचा प्रवास समजून घेणे आणि तिचे नियमन करणे, ही ती चार अंगे होत. ही ओळख स्वतःच्या भावनेची तशीच समोरच्याच्या भावनेचीही.

या कल्पनेच्या नावाखाली काही अतिरंजित दावेही केले गेले आहेत. आयुष्यातील यश बुद्ध्यांकापेक्षा यावरच अवलंबून असते, असे सांगणारे वक्ते आपण ऐकले असतील. तेवढे मानण्याचे कारण नाही. परंतु वैद्यकीय व्यवसायापुरते बोलायचे तर या चार अंगांतील पहिलेच मला त्या दिवशी जमले नव्हते. मी भुकेला होतो, उशीर झाल्याने अस्वस्थ होतो आणि दमलो होतो. या तीन गोष्टींचा त्या मुलीशी काडीचा संबंध नव्हता. मला मात्र त्या क्षणी असेच वाटत होते की, माझ्या रागाचे कारण तिच्या हातातला चिमटा आहे. रुग्णाच्या पोटदुखीचे मूळ कोठे आहे हे शोधण्यात आयुष्य घालविणाऱ्या मला स्वतःच्या रागाचे मूळ शोधता आले नाही.

एका अक्षराचा मान

आपण हुबळी-धारवाडची माणसे दोन भाषांत जगतो. घरात मराठी, बाजारात आणि वॉर्डात कन्नड. इकडच्या कन्नड बोलीत 'री' हे एक इवलेसे अक्षर आहे. 'हेळ्री', 'बर्री', 'कूड्री'. सांगा, या, बसा. हे अक्षर लावले की ऐकणाऱ्याचा मान राहतो. गाळले की तेच वाक्य हुकूम होते. मराठीत 'अहो' आणि 'अगं' यांत जे अंतर आहे, तेच येथे एका अक्षरात आहे.

त्या घटनेनंतर मी शस्त्रक्रियागृहात कान देऊन ऐकू लागलो. राग आला की सर्वांत प्रथम गळते ते हे 'री'. आणि ते सर्वांच्या बाबतीत सारखे गळत नाही. भूलतज्ज्ञांशी बोलताना ते टिकते, परिचारिकेशी बोलताना डळमळते आणि वॉर्डबॉय किंवा आयाबाईंशी बोलताना नाहीसे होते. म्हणजे आपल्याला राग आवरता येतो. कोणापुढे आवरायचा हेही आपल्याला पक्के ठाऊक असते. 'माझा स्वभावच तापट आहे' असे मी वर्षानुवर्षे सांगत असे. रुग्णालयाच्या मालकांपुढे माझा तापट स्वभाव कधीच का उसळला नाही, या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

रेल्वेच्या माणसाने दिलेला धडा

हुबळी हे सदर्न मराठा रेल्वेच्या काळापासूनचे रेल्वेचे गाव. 2003 पासून दक्षिण पश्चिम रेल्वेचे मुख्यालयही येथेच आहे. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांच्या रुग्णांत रेल्वेची माणसे असतातच. कॅसलरॉकहून गोव्याकडे उतरणाऱ्या घाटात अनेक वर्षे गाडी चालविलेले एक निवृत्त चालक माझ्याकडे हर्नियासाठी आले होते. त्या घाटाचा चढ 37 फुटांना एक फूट इतका तीव्र आहे. एवढ्या उतारावर रात्री, पावसात भीती वाटत नसे का, असे मी सहज विचारले. ते म्हणाले, "भीती वाटायची, म्हणून तर दोघं मोठ्यानं बोलायचो."

रेल्वेच्या नियमानुसार सिग्नल दृष्टीस पडताच चालक आणि सहायक चालक या दोघांनीही त्याचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगावयाचा असतो. चालकाची तीस वर्षांची नोकरी असो आणि सहायक कालच रुजू झालेला असो, नियम तोच. सहायकाच्या बाजूलाही आणीबाणीचा ब्रेक असतो. त्या गृहस्थांनी पुढे जे सांगितले ते माझ्या कायम लक्षात राहिले. "सहायक गप्प बसला की मला चैन पडत नसे, डॉक्टर. रंग मला दिसत असे, पण तो जागा आहे की नाही हे त्याच्या आवाजावरून कळत असे."

रेल्वेने येथे सहायकाच्या धैर्यावर काहीही सोडलेले नाही. त्याला बोलण्यासाठी हिंमत गोळा करावी लागत नाही, कारण बोलणे हेच त्याचे काम ठरविलेले आहे. आमच्या त्या मुलीच्या वाट्याला अशी व्यवस्था आली नव्हती. तिला आधी माझ्या रागाचा अंदाज घ्यावा लागला आणि मग मॉपचा.

एका वैमानिकाची पत्नी

विमान वाहतुकीने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. 27 मार्च 1977 रोजी कॅनरी बेटांपैकी टेनेरिफ येथे दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि 583 माणसे मृत्युमुखी पडली. धुके होते, रेडिओवरील संभाषणात घोटाळा झाला होता. कारणे अनेक होती. त्यांपैकी एक असे की, उड्डाण घेऊ पाहणाऱ्या डच विमानातील अभियंत्याला शंका आली आणि समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले आहे ना, असे त्याने विचारले. कंपनीतील अत्यंत ज्येष्ठ अशा कप्तानाने ठामपणे 'हो' म्हटले. अभियंत्याने पुन्हा विचारले नाही. त्यानंतरच्या काळात वैमानिकांच्या प्रशिक्षणात एक नवा विषय आला. कनिष्ठाने शंका कशी बोलून दाखवावी आणि ज्येष्ठाने ती कशी ऐकून घ्यावी, हे तेथे रीतसर शिकविले जाते.

आपल्या क्षेत्रातील याच जातीचे उदाहरण इंग्लंडमधील आहे. 29 मार्च 2005 रोजी एलेन ब्रोमिली या 37 वर्षांच्या, दोन मुलांच्या आईला सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी भूल देण्यात आली. भूल दिल्यावर श्वासमार्ग मोकळा राहीना, नळी घालता येईना, प्राणवायू पोहोचेना. तेथे तीन अनुभवी तज्ज्ञ हजर होते. ते नळी घालण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा करीत राहिले. अशा वेळी गळ्यातून श्वासमार्ग उघडावयाचा असतो, हे त्या तिघांनाही ठाऊक होते. परंतु प्रयत्नांच्या भरात वेळेचे भान सुटले. एका परिचारिकेने गळ्यातून श्वासमार्ग उघडण्याचे साहित्य आणून ठेवले आणि ते आणल्याचे सांगितलेही. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट राखून ठेवली. परंतु डॉक्टरांची चर्या पाहून आपण अतिरेक करीत आहोत असे तिला वाटले आणि तिने ती रद्द केली. एलेन शुद्धीवर आल्या नाहीत. तेरा दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला.

त्यांचे पती मार्टिन ब्रोमिली हे व्यवसायाने वैमानिक. या घटनेची स्वतंत्र चौकशी व्हावी, असा आग्रह त्यांनी धरला. कोणाला शिक्षा व्हावी हा त्यांचा हेतू नव्हता. यातून इतरांनी शिकावे अशी त्यांची इच्छा होती. विमानात अशी घटना घडली असती तर दुसऱ्या वैमानिकाने काय केले असते, हे त्यांना ठाऊक होते. 2007 मध्ये त्यांनी वैद्यकीय सुरक्षिततेतील मानवी घटकांवर काम करणारी एक संस्था स्थापन केली. एलेन यांची हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा डोळ्यांसमोर आली ती ट्रॉलीवर वाकून तिसऱ्यांदा मॉप मोजणारी खानापूरची मुलगी.

अभ्यास काय सांगतात?

केवळ गोष्टींवरून निष्कर्ष काढू नयेत, अशी आपली वैद्यकीय शिकवण आहे. म्हणून तीन अभ्यासांचा उल्लेख करतो.

पहिला अभ्यास 1990 च्या दशकातील, अमेरिकेतील ॲमी एडमंडसन यांचा. रुग्णालयांतील परिचारिकांचे जे गट चांगले चालतात, त्यांच्याकडून औषधांच्या चुका कमी होतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे नेमके उलट आले. चांगल्या गटांत चुकांची नोंद अधिक होती. खोलात गेल्यावर उलगडा झाला की, तेथे चूक सांगण्याची भीती नव्हती, म्हणून ती नोंदली जात होती. इतरत्र ती लपून राहत होती. आमच्या विभागात चुका होतच नाहीत, असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी यावर थोडा विचार करावा.

दुसरा अभ्यास इस्रायलमधील असून तो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. नवजात अतिदक्षता विभागांतील 24 चमूंना सरावासाठी एका अत्यवस्थ बाळाचा प्रसंग देण्यात आला. काही चमूंना त्याआधी एका परक्या तज्ज्ञाचे सौम्य पण अपमानास्पद शेरे ऐकविण्यात आले. त्या चमूंचे निदानही खालावले आणि हातातले कामही. ते एकमेकांना माहिती कमी देऊ लागले, मदत कमी मागू लागले. यात कोणी ओरडले नव्हते, कोणी चिमटा आपटला नव्हता.

तिसरा अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया सुरक्षा सूचीचा. ही सूची 2008 मध्ये आली. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहण्यात आली. जानेवारी 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू शेकडा 1.5 वरून 0.8 वर आणि मोठ्या गुंतागुंती शेकडा 11 वरून 7 वर आल्या. या सूचीत मॉपची मोजणी आहे, प्रतिजैविकाची वेळ आहे आणि आणखी एक कलम आहे. छेद घेण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावयाचे. अनेकांना हे हास्यास्पद वाटते. परंतु ज्याने सुरुवातीला एकदा आपले नाव उच्चारले आहे, त्याला पुढे 'थांबा' म्हणणे थोडे सोपे जाते. त्या मुलीचे नाव दोन महिन्यांत मला ठाऊक झाले नव्हते. मी तिला 'ए सिस्टर' म्हणत असे.

मतभेद मिटविण्याची रीत

आतापर्यंत वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्याविषयी लिहिले. बरोबरीच्या सहकाऱ्यांतील तंटे निराळ्या प्रकारचे असतात. माझे एका भूलतज्ज्ञांशी असेच बिनसले होते. पित्ताशयाच्या नियोजित शस्त्रक्रियेच्या सकाळी रुग्णाचे पोटॅशियम फार कमी आले. त्यांनी भूल देण्यास नकार दिला. नातेवाईक गावाहून ट्रॅक्टर करून आले होते. मी बाहेर जाऊन त्यांना सांगितले, "मी तयार आहे, पण भूल देणारे डॉक्टर तयार नाहीत." त्यानंतर आम्ही तीन महिने एकमेकांशी बोललो नाही. एकाच टेबलाच्या दोन टोकांना उभे राहून परिचारिकेमार्फत निरोप देत होतो. रुग्णाचा रक्तदाब किती, हेही ती मला सांगत असे.

शेवटी माझ्या पत्नीने बजावले, तेव्हा पेढ्यांचा पुडा घेऊन मी धारवाडला त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा दिला. मी पोटॅशियमविषयी बोलू लागलो. त्यांनी मला मध्येच थांबविले. "डॉक्टर, पोटॅशियमवर तुमचं-माझं दुमत नव्हतंच. तुम्ही नातेवाईकांसमोर मला एकटं पाडलंत, त्याचं वाईट वाटलं." तीन महिने मी ज्या मुद्द्यावर मनातल्या मनात युक्तिवाद करीत होतो, तो भांडणाचा मुद्दाच नव्हता.

त्या दिवसापासून आम्ही काही पथ्ये ठरविली आणि ती निवृत्तीपर्यंत पाळली. पहिले पथ्य असे की, मतभेद बंद दाराआड आणि बाहेर दोघांचे एकच उत्तर. दुसरे, वाद सुरू झाला की प्रत्येकाने आपल्याला नेमकी कशाची भीती वाटते ते आधी सांगायचे. 'तुम्ही नेहमीच अडवता' या वाक्याने काही हाती लागत नाही. 'हृदयाची लय बिघडेल अशी मला भीती वाटते' या वाक्यावर दोन डॉक्टर विचार करू शकतात. तिसरे, रुग्ण भुलीस योग्य आहे की नाही, यावर अखेरचा शब्द भूलतज्ज्ञांचा. चौथे, रागात निर्णय नाही. भूक, उशीर आणि थकवा या तिघांपैकी कोण माझ्या तोंडून बोलते आहे, हे हात धुताना स्वतःला विचारायचे. हात धुण्याच्या त्या काही मिनिटांचा इतका चांगला उपयोग मला आधी सुचला नव्हता.

पाचवे पथ्य माझे एकट्याचे. सर्वांसमक्ष रागावलो तर क्षमाही सर्वांसमक्ष मागायची. त्या मुलीची क्षमा मी दुसऱ्या दिवशी सकाळी, सर्वजण हजर असताना मागितली. खोलीत विलक्षण शांतता पसरली. अक्का मुखपट्टीआड हसत असाव्यात, असे मला अजूनही वाटते. त्यानंतर प्रत्येक यादीच्या आरंभी मी एक वाक्य म्हणू लागलो : "माझं काही चुकताना दिसलं तर लगेच सांगा, मी रागावणार नाही." पहिले काही महिने कोणी काही बोलले नाही. माणसे वाक्यावर विश्वास ठेवत नाहीत. वाक्यानंतर काय घडते ते पाहतात. एकदा एका आयाबाईंनी माझा हातमोजा फाटल्याचे सांगितले आणि मी त्यांचे आभार मानून तो बदलला. त्यानंतर हळूहळू आवाज येऊ लागले.

गोड बोलण्याच्या मर्यादा

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. भावनिक बुद्धिमत्तेच्या नावाखाली अन्याय झालेल्याला 'समजून घे, जुळवून घे' असे सांगितले जाऊ नये. 22 मे 2019 रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयाशी संलग्न वैद्यकीय महाविद्यालयातील पदव्युत्तर विद्यार्थिनी डॉ. पायल तडवी हिने आपले जीवन संपविले. ती स्त्रीरोग विभागात दुसऱ्या वर्षाला होती; जळगाव जिल्ह्यातील आदिवासी समाजातून आलेली, वय 26. तीन वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याची तक्रार तिच्या कुटुंबीयांनी केली आणि त्यावरून गुन्हा नोंदविला गेला. दोषी कोण हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. परंतु त्या बातमीने मराठी वैद्यकीय जगतातील प्रत्येक विभागप्रमुखाने एक प्रश्न स्वतःला विचारावयास हवा होता. माझ्या विभागातील सर्वांत एकट्या पडलेल्या मुलीला माझ्या दारापर्यंत यावेसे वाटेल का? आणि ती आली, तर मी तिला काय सांगेन?

राग आणि छळ यांत फरक आहे. रागाला संवादाचे औषध चालते. छळाला नियम, तक्रारीची व्यवस्था आणि कायदा लागतो. या दोहोंची गल्लत करून छळाचे प्रकरण चहाच्या कपावर मिटवू पाहणारा वरिष्ठ स्वतःला कितीही समंजस समजला, तरी तो बलवंताचीच बाजू घेत असतो.

टेबलावरून

गेल्या वर्षी माझ्यावरच हर्नियाची शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली. पाठीच्या कण्यातून भूल दिलेली असल्याने मी पूर्ण जागा होतो. चेहऱ्यासमोर हिरवा पडदा होता. आयुष्यभर ज्या बाजूला उभा राहिलो, तिच्या पलीकडचा आवाज तेवढा कानी येत होता. शस्त्रक्रिया करणारे सर्जन माझ्या मुलाच्या वयाचे. काम जवळजवळ संपत आले असता एका कोवळ्या आवाजाने म्हटले, "सर, एक मिनिट. गॉज पुन्हा मोजते."

क्षणभर खोली स्तब्ध झाली. त्या क्षणी माझ्या मनात ज्ञान नव्हते, अनुभव नव्हता. होती ती फक्त समोरचा माणूस काय उत्तर देतो याची धास्ती. ते तरुण सर्जन सकाळपासून उभे होते, हे मला ठाऊक होते. त्यांचा आवाज आला, "एणस्री, गडिबिडि इल्ल." मोजा, घाई नाही.

त्यांनी 'री' गाळला नव्हता. गॉज पूर्ण भरले. मी डोळे मिटून घेतले.